कोपऱ्यातली सुबाभूळ

व्यंकटरावांनी झाडाला लाल चिंधी बांधली तेव्हा मी खाली बसून खुरप्यानं रोपं उपटत होते. चिंधीची दुसरी गाठ त्यांना बसेना, म्हणून त्यांनी मलाच हाक मारली. "मॅडम, जरा इथं बोट ठेवा बरं." मी उठले, गाठीवर बोट ठेवलं, त्यांनी चिंधी आवळली. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "झालं. पुढच्या रविवारी ही माय गेली की बागेतला सुबाभळीचा विषय संपला." कोणीतरी टाळी वाजवली. आमच्यातला रतनसिंग कपांत चहा ओतत होता, त्याच झाडाच्या सावलीत, रोजच्यासारखा. मी बोट काढून घेतलं आणि साडीला पुसलं, उगीचच, कारण बोटाला काही लागलेलं नव्हतं. गाठीवर बोट ठेवलं कोणी, तर मी. आता बोला!

त्या झाडाच्या बुडाशी माझा नवरा आहे. सगळा नाही, मूठभर. प्रमोद कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. दवाखान्यातून परस्पर नेला त्याला, मला तोंडसुद्धा दिसलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी एक मडकं हातात दिलं, वर पांढरं फडकं बांधलेलं. दीर पुसेगावहून मोटरसायकलवर आले, मडकं घेऊन गेले, शेताच्या बांधावर पुरलं आणि वर दगड रोवला. माझ्या सासूबाई, भागूबाई, दर पौर्णिमेला त्या दगडापाशी मेणबत्ती लावतात आणि हात जोडून म्हणतात, माझं लेकरू घरीच आलं, पुरं आलं. पुरं नाही आलं. दिरांच्या हातात मडकं देण्याआधी मी त्यातली मूठभर राख प्रमोदच्याच डब्याच्या खालच्या खणात काढून घेतली होती. एसटीच्या वर्कशॉपात तो तोच डबा न्यायचा, खालच्या खणात भाकरी, वरच्यात कोरडं काहीतरी. तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नाक्यामागच्या बागेची भिंत एका जागी पडलेली होती, तिथून मी आत गेले आणि मुतारीच्या मागच्या कोपऱ्यात खुरप्यानं खड्डा केला. जिवंतपणी मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही, अहो म्हणूनच गेलं सगळं. त्या खड्ड्यावर माती लोटताना पहिल्यांदा म्हणाले, प्रमोद.

दुसरीकडे कुठं नेणार होते मी त्याला? लग्नानंतरची कितीतरी वर्षं आमचं खरं घर म्हणजे ती बागच होती. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात सासू-सासरे, शिकायला आलेले दीर, गावाकडून दवाखान्याला आलेलं कोणी ना कोणी. नवराबायकोनं दोन शब्द बोलायचे म्हटले तर भिंतीला कान, दाराला कान. मग संध्याकाळी तो वर्कशॉपातून परस्पर बागेत यायचा, मी शाळेतून आले की भाजीची पिशवी घेऊन तिकडं जायची. तो कोपरा तेव्हापासूनचा आमचा. आल्या आल्या तो चपला काढायचा, एक ओंजळ पाला तोडायचा आणि हात चोळत बसायचा. डिझेलचा वास काही जायचा नाही. साबणानं जायचा नाही, बेसनानं जायचा नाही. पहिल्या पहिल्यांदा मला मळमळायचं त्या वासानं. नंतर असं झालं की तो वास आला की माझी पाठ आपोआप सैल पडायची, दिवस संपला म्हणून. डब्यात राख भरली तेव्हा मी येड्यासारखं तिचा वास घेऊन पाहिला होता. काहीच वास नव्हता.

त्या जागी मी लावला होता कडूलिंब. शाळेत वृक्षारोपणाला आलेल्या रोपांतलं एक उरलं होतं, ते नेऊन लावलं. ते कोणाच्या तरी बकरीनं खाऊन टाकलं, बुडापासून. मी दोन दिवस रडले, नवरा गेला तेव्हा आलं नव्हतं तेवढं रडू आलं. आणि पुढच्या पावसाळ्यात जाऊन बघते तर त्याच खड्ड्यात, बराबर मधोमध, सुबाभळीचं पोर उभं! कोणी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही. सुबाभूळ मला ओळखू येणार नाही का? लहानपणी तिचाच पाला आणत होतो आम्ही शेरडांना. फुकटचं झाड. ना फळ, ना लाकूड धड, कुठंही उगवतं, कितीही तोडलं तरी फुटतं. मला हसू फुटलं. प्रमोद गेल्यावरचं ते पहिलं हसू. माणूसच तसा होता. सांगायचं एक आणि करायचं दुसरं. भाजीला पाठवलं तर कलिंगड घेऊन यायचा. लिंब लावला तर सुबाभूळ होऊन आला.

झाड असं वाढलं की बघता बघता मुतारीच्या पत्र्यावर गेलं. मग एका रविवारी मी तिथं गेले तर कोपऱ्यात माणसं. कोयते, घमेली, हातमोजे घातलेली कॉलेजातली एक पोरगी, आणि पांढऱ्या टोपीतले उंच म्हातारे व्यंकटराव. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, गावाकडं शेती, इथं बंगला. ते म्हणाले, या मॅडम, आमी बाग वाचवून राहिलो, तुमचाही हात लागू द्या. मी घरी जाऊन खुरपं घेऊन आले. निसर्गाची मला काही आवड नव्हती, आजही नाही. मी पहाऱ्याला आले होते. म्हटलं, चोर येणारच असेल तर आपण चोरांच्या टोळीतच असलेलं बरं. लोक मला चिकाटीची म्हणायला लागले. पाऊस असो, ऊन असो, सपना मॅडम हजर. कोणता कोपरा घेता विचारलं की माझं उत्तर ठरलेलं.

बाहेरून आलेली झाडं काढायची आणि आपल्या मातीतली लावायची, असं आमच्या या रविवारच्या मंडळाचं ठरलेलं आहे. निलगिरी गेली, गुलमोहर गेला, सुबाभळी तर ढिगानं गेल्या. करंज, पळस, बेहडा, मोह अशी रोपं आली. व्यंकटराव सुबाभळीवर खवळलेलेच असतात. नोकरीत असताना त्यांनीच गावोगाव तिचं बी वाटलं होतं म्हणे, जनावरांचा चारा म्हणून, आणि आता ती माळावर कुणाला उभं राहू देत नाही. ते बोलत असतात तेव्हा मी खाली मान घालून तिची पोरं उपटत असते. झाडाखाली सगळीकडं, फरशीच्या फटीत, भिंतीच्या कडेला. दोन पानांची, चार पानांची, बोटभर, वीतभर. धरायचं, हलकेच पिळायचं, मुळासकट ओढायचं, घमेल्यात टाकायचं. आम्हाला मूल झालं नाही. हे मी कोणाच्या सहानुभूतीसाठी सांगत नाही, झालं नाही एवढंच. पण कधी कधी घमेलं भरलं की मी त्याच्याकडं बघत बसते. आकांक्षा, ती कॉलेजातली पोरगी, एकदा म्हणाली होती, "काकू, तुमचा हात किती बसलाय ना यात! बघतसुद्धा नाही तुम्ही." खरंच बघत नव्हते. नजर दुसरीकडं ठेवूनच मी ते काम करायची.

आणि त्या मोठ्या झाडाला मीच दोनदा वाचवलं होतं. एकदा म्हटलं, सावली आहे हो, चहाला बसायचं कुठं? दुसऱ्यांदा म्हटलं, करंज जरा मोठा होऊ द्या, मग काढा. आता करंज डोक्याएवढा झाला. आधी काढायच्या झाडाला चुन्याची फुली मारत होतो. पण एका पावसात फुल्या धुऊन गेल्या आणि रतनसिंगनं चुकून एक चांगला पळस कापला. व्यंकटराव त्या दिवशी चहासुद्धा न पिता गेले. तेव्हापासून चिंधी. जुन्या बॅनरचं लाल कापड आहे त्यांच्याकडं, त्याची पट्टी फाडतात आणि स्वतः बांधतात. चिंधी बांधली की झाड गेलं.

सोमवारी शाळेला जाताना जीपमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं तयार करत होते. व्यंकटराव, त्या झाडाखाली माझ्या मिस्टरांच्या अस्थी आहेत. व्यंकटराव, एक विनंती होती. व्यंकटराव, रागवू नका, पण. शेजारची बाई कोंबडी घेऊन बसली होती, ती माझ्याकडं बघायला लागली, बहुतेक माझे ओठ हलत असावेत. ऐकल्यावर व्यंकटराव काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. ते वाईट माणूस नाहीत. ते टोपी काढतील, त्यांचे डोळे भरतील, ते म्हणतील मॅडम, आधी काहून न्हाई सांगितलं? मग झाडापाशी पाटी लागेल, फोटो लागेल, कोणीतरी भाषण करेल, त्या भाषणाचा व्हिडिओ पुसेगावात पोचेल आणि भागूबाईला कळेल की तिचं पोर पुरं घरी आलेलं नाही, सुनेनं त्यातलं काढून घेतलं. म्हातारी बांधावरचा तो दगड मग कोणत्या तोंडानं बघेल? आणि दुसरी माणसंही आहेत बागेत. सकाळी फिरायला येणारी, लेकरांना घसरगुंडीवर आणणारी. राख? बागेत? मसणातली? आणि कोणाची म्हणे? हे शेवटचं ते तोंडानं विचारणार नाहीत. त्यांच्या डोळ्यांत ते येतंच, मी जन्मापासून बघत आले. जिथं रविवारी आम्ही एका कपबशीतून चहा पितो तिथं मला ते बघायचं नव्हतं. मी भ्याले, दुसरं काही नाही. शाळेत पोचले तोवर सगळी वाक्यं सांडून गेली होती.

बुधवारी राहवेना म्हणून शाळेच्या आधी बागेत गेले. लांबूनच काहीतरी वेगळं दिसलं. झाडाच्या खोडावर, चिंधीच्या जरा खाली, हळद आणि कुंकू. बुडाशी अगरबत्तीची काडी, अजून धूर निघत असलेली, आणि एक म्हातारी पाय पसरून बसलेली. नऊवारी, पायात बूट, डॉक्टरनं चालायला सांगितलेल्या बायका घालतात तसले. नर्मदाबाई तिचं नाव, नाक्यापलीकडं लेकाकडं राहते, रोज सकाळी बागेला फेऱ्या मारते.

"आजी, हे काय करून राहिलात?"

"काय म्हंजे? झाडाला चिंधी बांधेल दिसली. म्हणलं, कोणाचा तरी नवस हाय इथं. माझ्या नातवाचा ताप उतरत नव्हता, मी बी हात जोडले. उतरला बघ दुसऱ्या दिशी."

"अहो, ती चिंधी नवसाची नाही. झाड तोडायची खूण आहे ती."

"काहीतरीच! लाल चिंधी बांधून कोणी झाड तोडतंय व्हय?" ती हसली. मग खोडाला पाठ टेकून म्हणाली, "मला तर आधीपासून ठावं हाय, बाई. समद्या बागेत फिरते, पर बसते इथंच. इथं बसलं की एकटं न्हाई वाटत. कोणीतरी हाय इथं."

कोणीतरी हाय इथं. इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मला त्या म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून ओरडावंसं वाटलं, हो, आहे, माझा प्रमोद आहे तो, तुमचा देव नाही, माझा नवरा आहे. मी घड्याळ बघितलं आणि जीप गाठायला निघाले.

शुक्रवारपर्यंत दगड आला. पोराच्या डोक्याएवढा, शेंदरानं थापलेला, दोन चांदीचे डोळे लावलेला. फोडलेल्या नारळाच्या करवंट्या, जास्वंदीची फुलं. खोडाला आणखी चिंध्या, हिरव्या, पिवळ्या, एक साडीचा काठ. लाल चिंधी त्या सगळ्यांत आता ओळखूसुद्धा येत नव्हती. आणि मला काय वाटलं म्हणून सांगू? मला आनंद झाला. आता हिंगोलीत कोणाची छाती आहे या झाडाला हात लावायची? आमदार आला तरी तोडणार नाही. मला कोणाला काही सांगायला नको, पाटी नको, फोटो नको, भागूबाईला काही कळायला नको. नुसतं गप्प बसायचं. मला तर गप्प बसायची सवयच आहे. एक फूल दगडावरून खाली पडलं होतं, ते मी उचललं आणि परत दगडावर ठेवलं. ठेवल्यावर माझं मलाच कळलं, मी काय केलं ते. मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. आणि तरी मला वाटलं, कोणीतरी हाय इथं, आणि ते माझ्याकडं बघून राहिलं.

प्रमोदला हे असलं काही चालायचं नाही. अजिबात नाही. वर्कशॉपातून गाडी निघताना ड्रायव्हर लोक पुढं लिंबू-मिरची बांधायचे, हा जाऊन ती काढायचा. एकदा एका ड्रायव्हरनं गाडी न्यायलाच नकार दिला, लिंबू बांधल्याशिवाय नरसीच्या पुढं जात नाही म्हणाला. प्रमोद म्हणाला, ब्रेक मी बनवले, लिंबानं न्हाई बनवले, आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला, पडलो तर दोघं पडू म्हणून. नरसीच्या पुढं जाऊन, चहा पिऊन परत आला. मला सांगताना याच कोपऱ्यात लोळून हसत होता. आणि एकदा हसला नव्हता. लग्नाला बरीच वर्षं होऊनही आमच्याकडं पाळणा हलत नव्हता, तेव्हा भागूबाईनं मला कोणाकडून तरी मंतरलेला दोरा आणून दिला, दंडाला बांध, त्याला दाखवू नको. मी बांधला. हो, बांधला. घरात फुले-आंबेडकरांचे फोटो, तोंडानं बावीस प्रतिज्ञा पाठ आणि ब्लाउजच्या आत काळा दोरा. त्यानं तो बघितला तेव्हा पिशवीतून पक्कड काढली आणि दोरा कट्कन तोडला. दंडाला त्याची बोटं लागली, डिझेलच्या वासाची. मग म्हणाला, "सपने, तू भ्यालीस तर मला सांगत जा ना. दोऱ्याला काहून सांगतेस?" आणि शेवटी शेवटी, दवाखान्यात जायच्या आधी, खोकत खोकत गंमत करत होता. मेलो तर फोटोला हार घालू नको, मच्छर होतात. आणि मला देव-बिव करू नको बाई, माझ्याच्यानं कोणाचं ऐकणं व्हायचं न्हाई.

शनिवारची रात्र कशी गेली ते मी सांगत नाही. रविवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी बागेत होते. मग रतनसिंग आला, त्याचं गॅरेज आहे नाक्यावर, पेट्रोलवर चालणारी करवत त्याचीच. त्यानं करवत खाली ठेवली, दगड बघितला, पायातले बूट काढले आणि दोन्ही हात कपाळाला लावले. "ताई, मी न्हाई लावत हात याला. घरात लहान लेकरं हायेत." व्यंकटराव आले, बघतच राहिले. आधी चिडले, मग त्यांनीही टोपी नीट केली आणि, त्यांना स्वतःला कळलं नसेल, पण त्यांचा उजवा हात छातीपाशी गेला. आकांक्षा म्हणाली, सर, हे सायंटिफिक नाहीये. व्यंकटराव म्हणाले, "पोरी, तुझं बराबर हाय. पण लोकांच्या भावना असतात. एक झाड राहिलं तर काय बिघडतंय? उलट आपण छोटा ओटा बांधू, वर पत्रा टाकू. लोक येतील तर बाग तरी स्वच्छ ठेवतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं सोपं होतं. नर्मदाबाई ताट घेऊन आली होती, तिनं माझ्या हातावर दोन फुलं ठेवली. "वाहा बाई तुमी बी. तुमी तर लई राबता इथं." सगळे माझ्याकडं बघत होते, प्रेमानं बघत होते. वर शेंगा वाळून खुळखुळत होत्या. ओटा, पत्रा, शनिवारी तेल, अमावस्येला नारळ, पुढं कोणीतरी त्याला नाव देईल, मग कोणीतरी बकरा आणेल, आणि मी रोज दुरून बघेन, माझा माणूस शेंदरात बुडत चाललेला. मूठभर उरला आहे आणि तोही मी त्यांना देऊन टाकणार. कशासाठी, तर तो उभा दिसावा म्हणून? मी भ्याले होते. भ्यालीस तर मला सांगत जा, म्हणाला होता तो. मी त्याला सांगितलं, तिथंच उभी राहून, मनात. प्रमोद, मी लई भ्याले रे.

मग मी फुलं ताटात परत ठेवली. चिंध्या सोडायला लागले, एक एक करत. गाठी सुटत नव्हत्या, दातांनी सोडल्या. खाली बसून दगड उचलला, तो वाटला त्यापेक्षा जड होता, पोटाशी धरून करंजापाशी नेला आणि ठेवला. साडी शेंदरानं भरली. "आजी," मी म्हणाले, "तुमचा देव इथं बसवा. हे झाड आपलं आहे, याला कोणी हात लावणार नाही." नर्मदाबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट होतं. "देव का त्या दगडात व्हता, बाई?" ती म्हणाली. "त्या झाडात व्हता."

"करवत लावा, रतनसिंगभाऊ," मी म्हणाले. "पाप लागलं तर मला लागू द्या."

आकांक्षानं मोबाईल धरला होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मॅडमनी अंधश्रद्धा मोडली, व्यंकटराव म्हणत होते, शिक्षिका अशी पाहिजे, आमची बुद्धी गहाण पडली होती. करवतीच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. सुबाभळीचं लाकूड मऊ असतं, चहा गार होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. झाड मुतारीच्या पत्र्यावर घसरत खाली आलं आणि कोपऱ्यात एकदम ऊन पडलं. मला वाटलं होतं मी पडेन, किंचाळेन. मी पाला गोळा करत होते. व्यंकटराव म्हणाले, "रतनसिंग, बुंध्याला डिझेल लाव आधी, न्हाई तर पुन्हा फुटंल ती. लई चिवट जात." त्यानं करवतीच्या पिशवीतून बाटली काढली. फडकं नव्हतं. माझ्या हातात लाल चिंधी होती, ती मी पुढं केली आणि मग म्हणाले, द्या इकडं, मी लावते.

गुडघे टेकून मी बुंध्यावर डिझेल चोळायला लागले. लाकूड ओलं होतं, पांढरं. आणि तो वास वर आला. माझी पाठ सैल पडली, आपोआप, पूर्वीसारखी. मी डोळे मिटले. संध्याकाळ झाली होती, भाजीची पिशवी बाजूला होती, तो चपला काढून बसला होता आणि पाल्यानं हात चोळत काहीतरी सांगत होता, जे मला नीट ऐकू येत नव्हतं. "बास बास, मॅडम," व्यंकटराव म्हणाले, "तेवढ्यानं मरतं." मी आणखी थोडा वेळ चोळत राहिले. मग हात धुतले नाहीत. घरी जाईपर्यंत, जेवेपर्यंत, झोपेपर्यंत धुतले नाहीत. सोमवारी फळ्यावर लिहिताना खडूला वास येत होता. मंगळवारी गेला.

आकांक्षाचा व्हिडिओ खूप लोकांनी बघितला. पुसेगावहून भागूबाईनं दिराच्या फोनवरून फोन केला. "पाहिला गं तुझा फोटो. माझा प्रमोद असता तर नाचला असता." मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ती रडली, मग तिनं विचारलं, पौर्णिमेला येतीस का? येते म्हणाले.

नर्मदाबाई अजून येते फिरायला. करंजापाशी कोणी तो दगड राहू दिला नाही, कुठं गेला माहीत नाही. ती त्या बुंध्यावरच बसते, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. परवा मी शेजारून गेले तर म्हणाली, "तुमी शिकलेली माणसं. तुमचं काय गेलं त्यात?" मी थांबले. तोंडाशी आलं होतं. तिला सांगितलं असतं तर तिनं ते कोणाला सांगितलं नसतं, मला आज वाटतं. तेव्हा मी म्हणाले, "काही नाही, आजी."

व्यंकटरावांनी सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं आहे की झाड गेलं तरी काम संपलेलं नाही. सुबाभळीचं बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं. दर पावसाळ्यात थोडं थोडं उगवत राहणार, आपल्यातलं कोणी असो नसो. एकानं तरी दर रविवारी तो कोपरा बघावा लागेल, मोठी व्हायच्या आत काढावी लागतील. कोण घेतो, त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खुरपं घेऊन गेले आणि बुंध्याच्या बाजूला बसले. फरशीच्या फटीत चार पानांचं एक आलेलं होतं. ते पुढच्या रविवारी काढू म्हटलं.